बेपत्ता जाळं आणि भिंगराव

‘माझं नुसतं नाव ऐकलं की गुन्हेगारांना घाम फुटतो,’ असं भिंगराव सांगत. प्रत्यक्षात घाम फुटे तो त्यांच्या मेव्हण्याला. बावीस वर्षं घरोघरी पाण्याचे मीटर वाचून निवृत्त झालेला हा माणूस स्वतःला जागतिक दर्जाचा गुप्तहेर समजत असे. मेव्हणा बिचारा फुटबॉल मैदानाचा राखणदार.

सुट्टीचे तीन दिवस, स्पर्धेला चार देशांचे संघ. तिसऱ्या दिवशी, आपल्या आणि पाहुण्या संघातल्या अंतिम सामन्याला तास उरला असताना मेव्हण्याने पाहिलं, तर एका गोलला जाळंच नाही! नुसते खांब. पाहुण्यांचं विमान संध्याकाळचं. उशीर झाला तर सामना रद्द, आणि याची नोकरीही. त्या गडबडीत त्याने भाऊजींना फोन केला.

आल्याआल्या भिंगरावांनी खांबाचा वास घेतला. “चोर उंच आहे.”

“भाऊजी, शिडी इथेच पडलीय.”

“मग बुटका आहे. तेच म्हणतोय मी. आणि जाळं कशाला लागतं? मासे धरायला! या दोन संघांतल्या कुठल्या देशाला समुद्र आहे?”

“दोन्ही.”

“म्हणजे दोघंही सामील!”

तेवढ्यात पाहुण्यांचा ताडमाड गोलकीपर आला. त्याला इथली भाषा येत नव्हती. चिमूट धरून त्याने हात खालीवर केला आणि रस्त्यापलीकडे बोट दाखवलं.

“सुई!” भिंगराव किंचाळले. “इंजेक्शन! हा उत्तेजक औषधांचा कबुलीजबाब आहे!” त्यांनी त्याचं मनगट पकडलं. गोलकीपरने हसून पेन काढलं आणि त्यांच्या तळहातावर सही ठोकली.

मेव्हणा मनातल्या मनात राजीनामा लिहीत होता. इतक्यात समोरच्या शिवणकामाच्या दुकानातल्या मावशी फाटकातून आल्या, खांद्यावर भलंमोठं जाळं घेऊन.

“अहो, धरा की कुणीतरी! काल या गोलकीपरवर गोल झाला, पण चेंडू भोकातून आरपार गेला, म्हणून पंचाने दिलाच नाही. खिडकीतून बघत होते मी. सकाळी हाच पठ्ठ्या जाळं शिवायला घेऊन आला.”

मेव्हण्याने मावशींचे पायच धरले.

“सुई मी केव्हाच ओळखली होती,” भिंगराव शांतपणे म्हणाले, “फक्त धागेदोरे हाती लागायचे होते.”

सामना वेळेवर सुरू झाला. शेवटच्या मिनिटाला चेंडू गोलकीपरच्या बोटांना चाटून नेमका शिवलेल्या जागी धडकला. टाके तसूभर हलले नाहीत. गोल! पाहुणे हरले.

गोलकीपर उठला, त्याने शिवणीवरून हात फिरवला आणि मावशींकडे बघून टाळ्या वाजवल्या. मेव्हणाही टाळ्या वाजवू लागला.

मावशींनी मात्र मान खाली घातली. “एक टाका सोडायला हवा होता रे मी,” त्या पुटपुटल्या.