सोनकांबळेकाकांची सीलबंद जीप

सोनकांबळेकाकांनी कुकर घेतला त्या दिवशी वजिराबादच्या निम्म्या गल्लीनं वरणभात खाल्ला.

झालं असं, की काका दुकानदाराला म्हणाले, "लावून दाखवा." त्यानं बिचाऱ्यानं रिकामा कुकर शेगडीवर ठेवला. काका म्हणाले, "रिकाम्यानं काय कळतंय? डाळ टाका." डाळ आली, तांदूळ आला, शिट्ट्या झाल्या, गल्ली जमली. काकांनी चव घेतली आणि मीठ कमी आहे म्हणून दुसरा कुकर दाखवायला लावला.

या हकिकतीत मी तिळाएवढीही भर घातलेली नाही. ज्वारीच्या दाण्याएवढी असेल तर माहीत नाही.

काका आमचे शेजारी. सगळी नोकरी वीज मंडळात मीटर तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर मीटर सुटले, तपासणी सुटली नाही. "कुणाचाच भरवसा न्हाई, गुरुजी. लावून दाखवलं तर खरं." कुलूप घेताना त्यांनी दुकानदाराला आत ठेवून बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली फिरवायच्या आधी चहा प्यायला गेले. छत्री घेतली तेव्हा ती माझ्या हातात देऊन वरच्या मजल्यावरून बादली ओतायला लावली. छत्री पास झाली. मी आठवडाभर शिंकत होतो. कारण प्रत्येक तपासणीला साक्षीदार लागतो, आणि शेजारी राहण्याचा गुन्हा मी केलेला आहे.

एका सकाळी काका दारात. "गुरुजी, चला. मिलिंदचा वाढदिवस हाय उद्या. त्याला गाडी घ्यायची."

मी चपला शोधता शोधता थांबलो. मिलिंद म्हणजे काकांचा एकुलता मुलगा, लातूरला डॉक्टर. त्याच्या दारात भली मोठी गाडी उभी असते. ती घेतली तेव्हा काकांनी शोरूमवाल्याला रडवलं होतं.

"दुसरी गाडी?"

"ती न्हाई ओ. जोडायची गाडी. खोक्यात तुकडे असतेत, आपण चिकटवायचे."

इस्माईलभाईंच्या खेळण्यांच्या दुकानात आम्ही शिरलो, तेव्हा काकांना पाहून भाईंनी हळूच पंख्याचं बटण बंद केलं. उगाच तेही तपासायला नको. काऊंटरवर खोकी मांडली. "ही रेसची गाडी बघा काका, एकदम फर्स्टक्लास. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढी."

"मंग पैसे बी चोविसावा हिस्सा घ्या."

"काका, सकाळची बोहनी हाय."

"जीप हाय का जीप? जुन्या टाइपाची. आमच्या हापिसची होती तशी."

भाईंनी वरच्या फळीवरून खोकं काढलं, फुंकर मारली. काकांनी चित्रातल्या टायरवर बोट दाबून हवा पाहिली. खोकं कानाशी धरून हलवलं. मग जे बोलायचं ते बोललेच. "लावून दाखवा."

"हे सील असतंय काका. लई बारीक बारीक तुकडे. जोडायला चार दिवस लागतेत."

"मग जोडून दाखवा. मी बसतो. एखादं चाक कमी निघालं तर पोरगं लातूरहून येणाराय का परत?"

मी मनात चार दिवसांचा डबा मागवला. भाई हात जोडून म्हणाले, "आता मी जोडली तर त्या पोराला काय राहिलं? सारी मजा जोडण्यात हाय काका. खोकं फोडण्यात हाय."

काकांनी खोकं जवळ ओढलं. सीलवरून अंगठा फिरवला. आणि म्हणाले, "हाव. असंच द्या."

मी काऊंटरला धरून उभा राहिलो. उद्या गोदावरी उलटी वाहील, असं मला मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी लातूरच्या बसमध्ये खोकं वरच्या फळीवर गेलं नाही, काकांच्या मांडीवर बसलं. लोहा मागं पडलं तसं काका आपणहून बोलायला लागले.

"हापिसची जीप मला घरी सोडायची, तव्हा मिलिंद धावत यायचा. मग त्यानं बी एक केली. काडेपेट्यांची. औषधाच्या बाटल्यांची बुचं, तीच चाकं. अर्धी झाली होती. दहावी झाली, अकरावीला लातूरला टाकायचं ठरलं. ट्रंक भरताना मी एकेक वस्तू तपासली. तळाला ती जीप."

"मग?"

"काढून कपाटावर ठेवली. म्हणलं, आधी नंबर, मग गाडी. डॉक्टरकीला नंबर लागला, तव्हा मी ती खाली काढली. झुरळांनी खळ खाल्ली होती सगळी. नुस्त्या काडेपेट्या." काका खिडकीबाहेर बघत होते. "त्यानं परत मागितलीच न्हाई, गुरुजी. मागितली असती तर बरं झालं असतं."

दवाखान्यात गर्दी म्हणजे जत्रा. काऊंटरवरच्या नव्या मुलीनं विचारलं, "पेशंट कोण?" मी काकांकडे बोट दाखवलं, काकांनी माझ्याकडे. शेवटी मिलिंदच बाहेर आला आणि धावत जवळ आला. "पप्पा! अहो, फोन करायचा ना! मी स्टँडवर आलो असतो."

आत नेलं, चहा मागवला. काकांनी खोकं पुढं केलं.

"जीप! अरे वा!" त्याचा चेहरा खरंच उजळला. खोकं उलटंसुलटं करत म्हणाला, "सील हाय की अजून! तुम्ही आणि न तपासता? बघू, नाडी बघू तुमची."

"तूच जोड म्हणून तशीच आणली."

"पप्पा, जोडूनच आणायची की! काचेच्या कपाटात ठेवली असती, रोज बघितली असती. मला कुठला वेळ?" दार ढकलून कंपाउंडरनं डोकं आत घातलं. मिलिंद हसत उठला. "आलो, आलो. बघितलं ना? आधी पेशंट, मग गाडी."

त्याला काही आठवून तो बोलला नव्हता, हे त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. त्यानं खोकं रुमालानं पुसलं आणि जपून कपाटावर ठेवलं.

काका कपाटाकडे बघत राहिले. "हाव. तिथं बरी हाय," ते म्हणाले. "हितं झुरळं न्हाईत ना?"

"पप्पा, दवाखाना हाय हा!" म्हणत मिलिंद गेला. चहा आला. आम्ही दोघांनीच प्यायला.

मिलिंदनं रात्री राहायचा आग्रह केला, पण काकांनी दुपारचीच बस धरायची म्हटलं. स्टँडवर एकजण बॅटऱ्या विकत होता. काकांनी एक उचलली. गिऱ्हाईक ओळखण्यात मुरलेला माणूस, तो लगेच म्हणाला, "थांबा बाबा, लावून दाखवतो."

"राहू दे," काका म्हणाले. "लागंल."

आणि बॅटरी त्यांनी पिशवीत टाकली. मी साक्षीला होतो.