मेंदू राखणारी मात्रा आणि दरबारच्या मुजऱ्यांची हकीकत

श्री. ज्याचे मस्तक एकवार गेले आणि दुसरे मिळाले त्या गजवदनास नमन असो. इतरांस ती सोय नाही, म्हणोन हे लिहिणे. शके १६८४, चित्रभानुनाम संवत्सरी, एके राज्यात त्रिमलपंत वैद्य होते. त्यांणी अर्धांगाचे झटक्यावर मात्रा सिद्ध केली. मस्तकातील शीर तुंबली म्हणजे काही मेंदू तेव्हाच मरतो आणि भोवतालचा उपाशी, परंतु जिवंत राहतो. शीर मोकळी होईतो त्या उपाशी भागास तगवावे, हा मात्रेचा गुण. मग पंतांनी उंदरांवर प्रत्यय पाहिला. शीर आपणच चिमटून धरावी आणि तत्क्षणी मात्रा चाटवावी. मग शीर सोडिली की उंदीर उठोन धावू लागत. पंतांस आभाळ ठेंगणे जाहले.

मग ते उंदीर चांदीचे पिंजऱ्यात घालोन दरबारी आणिले आणि पंत मात्रेची कीर्ती सांगो लागले. महाराज कौतुके हसत होते, तो हसू एके बाजूसच राहिले आणि उजवे हातीचा विडा गळाला. महाराज बोलिले, "गा... गाव..." पंतांस वाटले, गाव इनाम दिधला! त्यांणी लवोन मुजरा केला. कारभारी विसाजी राम बोलिले, "जी हुजूर, कोणता गाव?" महाराज पुन्हा तैसेच पुटपुटले. "जी हुजूर," म्हणोन कारभाऱ्यांनी चिटणीसास गावांची नावे वाचावयास सांगितले. चिटणीस सावकाश वाचू लागले आणि एका बागायती गावाशी हुजुरांची मान कलली. "मर्जी जाहली!" म्हणोन सर्वांनी मुजरे केले, आणि झटका ओळखणारा राज्यात एकच असामी, तोही त्या गावच्या विहिरी मनात मोजीत उभा राहिला.

इतक्यात राणीसाहेब दुर्गाऊ पडदा सारोन बाहेर आल्या आणि कडाडल्या, "मान डोलत नाही, पडते आहे! तोंड वाकडे जाहले, कोणास दिसेना? वैद्य, डोळे उंदरांपाशी ठेवून आलात काय?"

पंत धावले. मात्रेची डबी कमरेसच होती. तात्काळ चाटवली, आणि काही वेळाने शीरही मोकळी जाहली. परंतु मेंदूचा जो उपाशी भाग तगवावयाचा, तो बहुतेक तोवर मरोन गेला होता. प्राण वाचला, पाय चालो लागला. उजवा हात आणि वाचा गेली. पंत खांबाआड जाऊन ढसढसा रडले.

पुढे इनामाची सनद आली, ती पंतांनी माघारी धाडिली, आणि नित्य महाराजांपाशी बसोन लेकरास शिकवावे तैसे एकेक शब्द शिकवू लागले. ऐसे वर्ष लोटले. एके दिवशी महाराज पंतांकडे टक लावोन, न शिकविलेला शब्द स्पष्ट बोलिले, "उशीर."

पंत बोलिले, "होय, महाराज. माझाच."

सारांश, मात्रा खोटी नव्हती आणि उंदीरही खोटे नव्हते. उंदरांस दरबार नव्हता, इतकेच. घडले तैसे लिहिले. वाचणारांनी आपले मस्तक सांभाळावे.