बारापैकी नऊ

सोमवारी सकाळी संपादकबाईंनी खबऱ्याचा मजकूर वाचला आणि कागद तसाच परत सरकवला. ही बातमी त्यांना शनिवारीच धाकट्या जावेने फोनवर सांगितली होती. कुणाच्याच कानावर न गेलेल्या नव्या कंपन्यांचा शोध घेणारा खबऱ्याचा स्तंभ, आणि बातमी जावेकडे आधी! "गुरुवारच्या अंकाला कुठेच न आलेलं काहीतरी आणा," बाई म्हणाल्या, "नाहीतर ती जागा शब्दकोड्याला देते."

खबऱ्याचा तरी काय दोष? सहा वर्षांपूर्वी तो ज्या ऑनलाइन ग्रुपवरून बातम्या वेचायचा, तिथे चाळीस डोकी होती आणि चाळीसही विक्षिप्त. आता तिथे चार लाख माणसं नांदत होती. काही विचारावं तर उत्तरादाखल गुलाबाचे फोटो यायचे. कुठला फोन घेऊ, यावरून रोज हमरीतुमरी. एवढ्या गर्दीत बातमी सापडायची कुठून?

पण नाक खुपसायची खोड जात नाही. धुंडाळता धुंडाळता बुधवारी त्याला एक छोटासा ग्रुप सापडला, ‘इन्क्युबेटर: फक्त कामाचं बोला’. सभासद एकोणीस. नव्या कंपन्यांना आसरा देऊन वाढवतात त्या जागेला इन्क्युबेटर म्हणतात, हे खबऱ्याला झोपेतही ठाऊक होतं. तिथे ‘पिवळीची आई’ नावाच्या बाईने लिहिलं होतं की एकविसाव्या दिवशी बारापैकी नऊ बाहेर पडले, दोन कमजोर आहेत, एकाची आशा सोडली.

एकवीस दिवसांत नऊ! खबऱ्याने यामागचं गुपित विचारलं. उत्तर आलं, "ऊब सारखी हवी. आणि उठसूट झाकण उघडून बघायचं नाही." खबऱ्या भारावूनच गेला. पैसे गुंतवणाऱ्यांना हे इतकं स्पष्ट आजवर कुणी सुनावलं नव्हतं.

गुरुवारी स्तंभ झळकला. बाई खूश, कारण जावेला पत्ता नव्हता. शुक्रवारपर्यंत वाचकांनी ग्रुपवर धाड घातली आणि एकोणीसचे अकराशे झाले. बाईंना आता मुलाखतच हवी होती. ग्रुपवरचा ‘पिवळीच्या आई’चा नंबर त्यांनी खबऱ्यासमोर स्पीकरवर लावला. पलीकडे नुसती चिवचिव चालली होती.

"त्या नऊ जणांचं पुढे काय?" बाईंनी अदबीने विचारलं.

"खुराड्यात सोडणार. अंडी द्यायला पाच महिने तरी लागतील."

बाईंनी खबऱ्याकडे पाहिलं. खबऱ्याने जमिनीकडे. अंडी उबवायच्या यंत्रालाही इन्क्युबेटरच म्हणतात, हे त्याला जागेपणीही ठाऊक नव्हतं.

"ते छापणारे तुम्हीच का?" पलीकडची बाई कळवळून बोलू लागली. "अहो, एकोणीस जण सुखात होतो. काल एका पिल्लाने मान टाकली म्हणून विचारायला गेले, तर चाळीस जणांनी फोन कुठला घ्यायचा ते सांगितलं."

हे दुःख खबऱ्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. पिल्लू कसं आहे, असं त्याने हळूच विचारलं. पिल्लू वाचलं होतं. ग्रुप मात्र हातचा गेला होता, आणि जुने एकोणीस जण दुसरीकडे निघून गेले होते.

"कुठे?" खबऱ्या आणि बाई एकदमच म्हणाले.

"ते सांगायला मी काय वेडी आहे?" फोन ठेवला गेला.

बाईंनी चष्मा काढून पुसला. खबऱ्याने शब्दकोड्यासाठी मनाची तयारी केली.

"कोड्याचं राहू दे," त्या म्हणाल्या. "आधी ते एकोणीस जण कुठे गेले ते शोधा."

"छापायला?"

"छापाल तर याद राखा. माझ्या गच्चीवर सात कोंबड्या आहेत." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि जावेला कळता कामा नये."