आर्डेल मावशीचा अर्ज

नॉरवुड टलच्या जाहिरातीला एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच उत्तर आलं. उत्तर एक नव्हतं, नऊ होती.

जाहिरात काही उत्तर यावं म्हणून दिलेली नव्हती. अमेरिकेतल्या चेसापीकच्या खाडीतल्या एका बेटावर नॉरवुडची खेकड्यांची शेड होती. वाफवलेले खेकडे फोडून सुरीने मांस काढायचं काम बेटावरच्या पोरींनी कधीच सोडलं होतं. त्या पूल ओलांडून शहरात नोकऱ्यांना लागल्या. तेव्हापासून दर एप्रिलला मेक्सिकोतून बारा बायका हंगामी व्हिसावर यायच्या आणि नोव्हेंबरात परत जायच्या. सरकारची अट एवढीच, की आधी जाहिरात देऊन विचारा, आपल्या देशातलं कुणी तयार आहे का? जितके तयार होतील तितके व्हिसा कमी. नॉरवुड दरवर्षी पेपरात जुने ट्रॅक्टर आणि हरवलेली कुत्री यांच्या मधोमध चार ओळी छापून घ्यायचा. कुणी फिरकायचं नाही. सरकार खूश, नॉरवुडही खूश.

यंदा वॉशिंग्टनमधल्या दोन-तीन खात्यांनी एकदमच नियम बदलले. कुणी काय बदललं हे त्या खात्यांनाही धड माहीत नसावं, कारण फोन केला की प्रत्येक जण दुसऱ्याचा नंबर द्यायचा. शेवटी नॉरवुडच्या वकीलबाई मिस क्विग्ली यांनी त्यातून अर्थ काढला, की तपासण्या वाढणार. तेव्हा जाहिरात चारचौघांच्या नजरेला पडेल अशी लावा, आणि शेडच्या दारावर पाटी ठोका, की कामगारांखेरीज कुणी आत बसायचं नाही. नॉरवुडने दोन्ही केलं. बेटावर चारचौघांच्या नजरेला पडणारी जागा एकच, चर्चचा फळा.

आता, फळ्यावर जे लागतं ते पाद्री रविवारी वाचून दाखवतात, हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. कुणाचं ऑपरेशन, कुणाला नात झाली, आणि त्याच दमात, आपल्या नॉरवुडला बारा माणसांची नड आहे. नड कळल्यावर गप्प बसायची त्या बेटाची रीत नाही. एरवी घरोघरून जेवणाची झाकलेली भांडी निघतात. इथे जेवण नको होतं, माणसं हवी होती. मग प्रार्थना संपल्यावर नऊ बायकांनी फळ्याखाली कागद टाचून आपापली नावं लिहिली. त्यातली धाकटी सदुसष्ट वर्षांची. सगळ्यात वर नॉरवुडची सख्खी मावशी आर्डेल, वय एक्याऐंशी.

नॉरवुडने वकीलबाईंना फोन लावला.

"त्या नागरिक आहेत का?" मिस क्विग्ली यांनी विचारलं.

"त्यांचे खापरपणजे याच बेटावर पुरलेत."

"काम येतं त्यांना?"

इथे नॉरवुडचा शहाणपणा त्याच्याच अंगाशी आला. कुणी येऊ नये म्हणून त्याने जाहिरातीत "अनुभव हवा" असं स्वतःच्या अकलेने घातलं होतं. आणि या नऊही जणींनी तरुणपणी त्याच्या बापाच्या हाताखाली खेकडे फोडले होते. आर्डेल मावशीने तर एकाहत्तर साली जिल्ह्याची स्पर्धा जिंकलेली.

"मग घ्यावं लागेल त्यांना," वकीलबाई म्हणाल्या.

"अहो, मावशी एक्याऐंशीची आहे."

"वयाचं नाव काढू नका, मिस्टर टल. तो वेगळा कायदा."

"मग मी त्यांना जरा समजावतो."

"ते तर मुळीच करायचं नाही. अर्ज मागे घ्या असं नुसतं सुचवलंत तरी तुमचा बाहेरून माणसं आणायचा परवाना गेला म्हणून समजा."

बारातून नऊ गेले की उरतात तीन. तीन बायका आणि नऊ आज्या यांच्या बळावर शेड मे महिनाही बघणार नाही, हे नॉरवुडला लख्ख दिसत होतं. पण बोलायची सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

नियमाप्रमाणे त्याने प्रत्येकीला अटींचं पत्र धाडलं. पहाटे पाच वाजता हजर, आठवड्याचे सहा दिवस, थेट नोव्हेंबर अखेरपर्यंत. पत्रं पोचली आणि सेवाभाव हळूहळू ओसरू लागला. एकीच्या मुलाने नको म्हटलं. एकीला कुत्र्याला एकटं ठेवणं जमेना. तिसरीने गुडघ्यांचं कारण दिलं, आणि ही गोष्ट बाहेर फुटता कामा नये असं बजावलं. दोघींच्या लक्षात आलं की चर्चचं दरवर्षीचं कालवांचं जेवण याच दिवसांत येतं, आणि त्या नसल्या तर ते भलत्याच बायकांच्या हाती जाईल. प्रत्येक नकाराला नॉरवुड जड आवाजात "बरं" म्हणायचा आणि शेडमागे जाऊन मोठा श्वास सोडायचा. दोन आठवड्यांत आठ जणींनी स्वतःच्या अक्षरात अर्ज मागे घेतले. मावशीचा तेवढा उरला.

आई गेल्यावर नॉरवुडला याच मावशीने वाढवलं होतं. तिची मुलाखत घ्यायची म्हणजे त्याच्याच्याने नजर वर करवेना.

"अटी वाचल्यास ना, मावशी?"

"वाचल्या. छान आहेत."

"पहाटे पाचला यावं लागेल."

"मी तीनलाच उठते. दोन तास नुसती भिंतीकडे बघत बसते."

"आठवड्याचे सहा दिवस आहेत."

"सातव्या दिवशी काय करायचं ते सांग."

वकीलबाईंच्या यादीत एकच प्रश्न उरला होता. हे काम तिला का करायचंय, तो त्याने विचारला.

"दारावर पाटी तूच ठोकलीस ना?" मावशी म्हणाली. "एकोणीस वर्षं मी ओफेलियाच्या शेजारी खुर्ची टाकून बसतेय. तुझे मिल्टनकाका गेल्यापासून तर ती बसमधून उतरते तेव्हा माझं वर्ष सुरू होतं. यंदा काय, खिडकीतून डोकावू तिच्याकडे? म्हटलं, त्यापेक्षा कामगारच होते."

ओफेलिया ही त्या बारा जणींची म्होरकी. मावशीला तिच्या भाषेतले वीस शब्द येत, तिला मावशीच्या भाषेतले तीस, आणि तेवढ्या पन्नास शब्दांत दोघींची तोंडं दिवसभर थांबत नसत. आता त्याच सोबतीसाठी मावशी बारातली एक जागा खात होती. नॉरवुडला ओरडून सांगावंसं वाटलं, त्याचा जीव तुटला. पण त्याने कागदावर "पात्र" असं लिहून खाली सही केली.

मग ओफेलियाला फोन करून, एकोणीस वर्षांत शिकलेल्या तिच्या भाषेत सगळं सांगितलं. कोण कोण येणार ती नावं दरवर्षी तीच कळवायची. आर्डेल कामाला लागली हे ऐकून आधी ती पोट धरून हसली, मग नावं उद्या कळवते म्हणाली. दुसऱ्या दिवशी अकरा नावं आली. नॉरवुडने ती दोनदा वाचली आणि पुन्हा फोन केला.

"ओफेलिया, तुझं नाव राहिलं."

"राहिलं नाही, मालक. बाकीच्यांची पोरं शाळेत आहेत. माझी शिकून बाहेर पडली. माझं भागेल."

"मी मावशीला सांगून टाकतो. व्हायचं ते होऊ दे."

"सांगाल तर खबरदार. परवाना गेला तर या अकरा जणींनी कुठे जायचं? आणि आर्डेलला यातलं काही कळायला नको. तिला काय सांगायचं ते मी बघते."

एप्रिलात अकरा जणी आल्या. मावशी पावणेपाचलाच हजर होती, कडक इस्त्रीचा एप्रन बांधून, घरची सुरी घेऊन. तिच्या एका बाजूला भिंत आली आणि दुसऱ्या बाजूला कानात गाणी खुपसलेली एक तरुण मुलगी. काय बोलायचं ते नॉरवुडने रात्रभर घोकलं होतं. अर्जांची मुदत उलटली होती, आता त्याचं तोंड धरणारा कुठलाच कायदा नव्हता. पण मावशीच आधी बोलली.

"ओफेलिया येत नाहीये रे. काल व्हिडिओवर बोललो आम्ही. गुडघा धरून दाखवला तिने. पन्नाशीतच गुडघे गेले बिचारीचे. रडत होती. मी म्हटलं, रडतेस कशाला, मी आहे ना इथे."

तिने एका खेकड्याचं कवच उचकटलं. सुरी जिथे जायची तिथेच गेली.

"बरं झालं मी अर्ज केला," ती म्हणाली. "नाहीतर तुला एक माणूस कमीच पडलं असतं."

"हो, मावशी," नॉरवुड म्हणाला, आणि त्याने खेकड्यांची टोपली तिच्यासमोर ओतली.