भिंतीवरचा तक्ता

मीटरकाका जावयाच्या पंगतीला बसत नव्हते, त्याला आज सहा दिवस झाले होते. जावई त्यांच्याच घरात राहणारा, पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन, म्हणजे रस्त्यावरचे व्हॉल्व्ह फिरवणारा. पाणी चोरल्याच्या संशयावरून त्याला घरी बसवलं होतं, आणि चोरी उघडकीला आली होती मीटरकाकांच्याच आकड्यांवरून.

काका पंपघरात प्रवाह मोजत. त्या काळी पाइपावरचा सेन्सर फक्त दाबातला फरक कळवी. तो विजेच्या बारीक संकेताच्या रूपाने काट्यापर्यंत येई, पण खरा प्रवाह काढायचा तर वर्गमूळ घ्यावं लागे. काकांनी तरुणपणी सुवाच्य अक्षरात त्याचा तक्ता करून भिंतीवर लावला होता. काटा शंभरपैकी चौसष्टवर, म्हणजे प्रवाह शंभरपैकी ऐंशी.

मग नवा सेन्सर आला. पहिल्याच सकाळी काटा ऐंशीवर, तक्त्यात पाहिलं तर एकोणनव्वद. सोडायचे होते ऐंशी. तक्त्याप्रमाणे ऐंशी येईपर्यंत काकांनी व्हॉल्व्ह आवळला आणि समाधानाने नोंद केली.

शहराच्या टोकाचे नळ कोरडे पडले. टाकीवरचं मीटर सांगे, चौसष्टच पोचले. मधले सोळा गेले कुठे? साहेबांनी काकांचं मीटर तपासलं. पंप बंद तर शून्य, पूर्ण सोडला तर शंभर. दोन्ही टोकं चोख. मग गळतीच्या शोधात रस्ता खणला गेला, आणि गळती सापडेना म्हणून जावई सापडला.

लेकीने एकदाच विचारलं, "बाबा, तुमचा आकडा कधी चुकलाय?"

"कधीच नाही," काका म्हणाले. ती आत निघून गेली.

जावई दोन गल्ल्या ओलांडून बादल्या आणी. काकू म्हणाल्या, "अहो, चोराच्या घरात तरी पाणी असावं."

सातव्या दिवशी चौकशीसाठी सेन्सरचा नंबर हवा होता. काकांनी झाकण उघडलं. आत चिठ्ठी होती : वर्गमूळ आतच काढलेले आहे. काका स्टुलावर बसले. शून्याचं शून्य, शंभराचं शंभर, टोकं जुळणारच. मधलं सगळं त्यांनी दुसऱ्यांदा मूळ काढून आटवलं होतं.

ते तडक साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. साहेबांनी खणलेल्या रस्त्याचे कागद बाजूला सारले. मग म्हणाले, निदान पाणी तरी सोडा.

काकांनी व्हॉल्व्ह उघडला. काटा ऐंशीवर गेला, आणि पाव तासात फोन आला. खणताना कुदळ लागलेला पाइप फुटला होता. एवढे दिवस शोधलेली गळती अखेर मिळाली. पण तिथला व्हॉल्व्ह चिखलात नेमका कुठे बुडालाय, हे एकट्या जावयाला ठाऊक होतं.

साहेब काकांना घेऊन त्यांच्या घराच्या दारात आले. जावई उठला नाही. "आधी सांगा, चोर कोण होता?"

काकांनी पिशवीतून तक्ता काढून त्याच्या हातात दिला. "हा. आणि मी."

जावयाने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, मग गुंडाळून काखेत मारला. "राहू दे. चिखलात पायाखाली घ्यायला होईल."

संध्याकाळी काका त्याच्या पंगतीला बसले. पाणी जावयानेच वाढलं. काकांचा पेला तेवढा थोडा कमी भरला.