मजेचा दाखला

"‘मजा’? हे काय लिहिलंय बाई?" परवाना कचेरीतल्या कारकुनाने अर्ज डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला. दोन्हीकडून ‘मजा’च दिसत होती.

"प्रवासाचं कारण विचारलंय ना? ते कारण आहे," काजबाई म्हणाली.

तिला काजबाई म्हणत, कारण लष्करी कोट शिवण्याच्या कारखान्यात गेली दोन वर्षं ती नुसती काजं करत होती. एका कोटाला नऊ. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला सलग चार दिवसांची रजा मिळाली होती आणि तिला तलावावर जायचं होतं. पण लढाई सुरू झाल्यापासून वीस मैलांपलीकडे जायला परवाना लागे आणि परवान्याला सबळ कारण लागे. मागे उभा असलेला तिचा नवरा, म्हणजे घड्याळजी, खिडकीवरची ‘विनाकारण प्रवास टाळा’ ही पाटी पुन्हा पुन्हा वाचत होता. घरी परतायला आपली काही हरकत नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

"अहो, असं कुणी लिहितं का?" कारकुनाने आवाज खाली आणला. माणूस मनाने वाईट नव्हता. "आजारपण लिहा, मयत लिहा. आत्ता गेले ना, त्या गृहस्थांची मावशी यंदा तिसऱ्यांदा वारली. तुम्हाला भाऊ आहे ना? भाऊ अत्यवस्थ लिहा, लगेच शिक्का मारतो."

"भाऊ लढाईवर आहे माझा," काजबाई म्हणाली. "त्याला मी कागदावरसुद्धा आजारी पाडणार नाही. रोज इतकी माणसं खरीखुरी मरताहेत, त्यात माझं एक खोटं कशाला? मी जिवंत आहे आणि मला मजा करायचीय. बघू कोण नाही म्हणतं!"

"अगं, मला एक लांबची मावशी आहे," घड्याळजी पुटपुटला. "ती काही मनावर घेणार नाही."

"तुम्ही गप्प बसा."

प्रकरण साहेबांपुढे गेलं. साहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं. मजा करायला मनाई आहे असं त्यात कुठेच नव्हतं. नाकारायचं तर वर लिहून विचारावं लागणार आणि वरून उत्तर यायला तीन महिने. साहेबांनी मुकाट्याने परवाना दिला, पण जाता जाता एक मेख मारून ठेवली.

"सांगितलेलं कारण खरं होतं, असा तिथल्या पोलिसाचा दाखला आणावा लागतो. मजा झाल्याचा दाखला आणा. नाही आणलात, तर लढाई संपेपर्यंत पुन्हा परवाना नाही."

हा दाखला आजवर एकाही मावशीवाल्याकडे कुणी मागितला नव्हता. खरं बोलणारी एक सापडली, तेव्हा कुठे साहेबांना नियम आठवला.

"आणते की," काजबाई म्हणाली.

तलावाच्या गावात एकच हवालदार उरला होता. मजेचा दाखला त्याने जन्मात दिला नव्हता, पण न बघता सही ठोकणाऱ्यांतला तो नव्हता.

"पंचनाम्यासारखंच करू," तो म्हणाला. "तुम्ही मजा करा. मी सकाळ-संध्याकाळ येऊन बघून जाईन."

आता कुणी वही घेऊन समोर उभं राहिल्यावर मजा करून दाखवा बरं! त्यात दोन दिवस पाऊस आणि बोचरा वारा. खोलीची खिडकी तलावाच्या बाजूला होती खरी, पण विमानांच्या भीतीने काचांवर काळा कागद चिकटवलेला. तलाव पाहायचा तर भिजत बाहेर बसायला हवं, म्हणून दोघं हट्टाने बाहेर बसली. हवालदाराने नोंद केली: ‘सकाळी दहा. दोघे बाकावर. नवरा शिंकत आहे. मजा आढळली नाही.’ मग: ‘संध्याकाळी पाच. दोघे बाकावर. भांडण. मजा आढळली नाही.’

"हसा की जरा!" काजबाई डाफरली.

"हसतोय की! दात दिसत नाहीत का?"

हवालदाराने वाकून पाहिलं. "दुखताहेत का?" त्याने काळजीने विचारलं.

तिसऱ्या दिवशी काजबाईने होडीच काढली. बाकीच्या होड्या लष्कराने नेल्या होत्या. ही उरली होती, कारण हिला भोक होतं. काठापासून थोडं दूर जाताच पाणी घोट्यापर्यंत आलं.

"अहो, टोपीने उपसा!"

"टोपी नवी आहे!"

"मग जोड्याने उपसा!"

घड्याळजीने एक जोडा काढून उपसायला सुरुवात केली. चौथ्याच खेपेला जोडा हातातून निसटून पाण्यात गेला. तो धरायला घड्याळजी वाकला आणि होडी उलटली. काठावरून हवालदाराने ते पाहिलं आणि "घाबरू नका, मी आहे!" असं ओरडत त्याने गणवेशासकट उडी घेतली. पुढच्याच क्षणी तो "मेलो, बुडालो!" म्हणून हातपाय झाडू लागला. पाणी कमरेइतकं होतं. घड्याळजीने त्याला कॉलर धरून उभं केलं.

हवालदाराची टोपी आणि घड्याळजीचा जोडा शेजारी शेजारी तरंगत निघाले होते. ते पाहून काजबाईला जे हसू फुटलं, ते थांबेना. दोन वर्षांत ती अशी हसली नव्हती. मध्येच भावाची आठवण येऊन तिचे डोळे भरले, तरी हसू चालूच. मग घड्याळजी हसला आणि शेवटी हवालदारही. त्याच्या खिशातल्या वहीचा पार लगदा झाला होता.

चौथ्या दिवशी कडक ऊन पडलं. तिघांनी मिळून होडी काठावर ओढली. दुपारी गाडीच्या वेळेला नवरा-बायको चौकीवर गेले. हवालदाराने परवाना उलटा केला आणि मागची बारीक अक्षरं वाचायला घेतली.

"‘कारण पूर्ण झाले असल्यास तसा दाखला द्यावा. अपूर्ण राहिल्यास मुक्काम व कामावरची रजा चार दिवस वाढवावी.’ आजारी माणूस वेळेवर मरतोच असं नाही ना, म्हणून हा नियम." त्याने टाक शाईत बुडवला. "तेव्हा विचारतो. मजा पूर्ण, की अपूर्ण?"

घड्याळजी सरळ माणूस. "झाली की! काल तर आपण तिघं..."

काजबाईने त्याच्या अनवाणी पायावर पाय दिला.

"कसली झाली?" ती मयताला आल्यासारखा चेहरा करून म्हणाली. "अजून सुरुवातसुद्धा नाही."

हवालदाराने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग ‘अपूर्ण’ असं ठळक लिहून शिक्का मारला.

"उद्या होडी किती वाजता काढताय?"

"दहाला. का हो?"

"तपासाला यावं लागेल," हवालदार म्हणाला. "बायकोलाही आणतो. बाईमाणसाची मजा मला एकट्याला ओळखता येत नाही."