चार फेऱ्यांचं कुलूप

दार लावून घेतल्यावर एर्मिंदाबाई ते आधी ओढून पाहत, मग ढकलून पाहत, आणि तरीही विश्वास बसला नाही की दाराला पाठ लावून थोडा वेळ उभ्या राहत. तळमजल्यावरच्या घरात चोरी झाल्यापासून त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. जिन्यात कुणी शिंकलं तरी छातीत धस्स व्हायचं. पण खरं सांगायचं तर चोराची भीती दुय्यम होती. मुख्य भीती त्यांना पोटच्या मुलाची होती.

मुलगा नेस्तोर तिकडे पायसांदूला राहायचा. चोरीची बातमी कळताच त्याने फोनवरून निकाल देऊन टाकला. "आई, तुझ्या दाराला कुलूप आहे की चेष्टा? रविवारी मी व्हॅन घेऊन येतोय. दार मला पसंत पडलं तर राहा तिथं. नाहीतर गुपचूप सामान भरायचं आणि आमच्याकडे यायचं. ग्लादिसनं तुझ्यासाठी खोली रिकामी केलीय."

ती खोली एर्मिंदाबाईंनी पाहिली होती. सुनेच्या केस कापायच्या दुकानामागे होती, तिची एकुलती एक खिडकी गॅरेजात उघडायची, आणि भिंतीपलीकडे दिवसभर ग्लादिस बोलत असायची. मोंतेविदेओतलं आपलं पहिल्या मजल्यावरचं घर, ही बाल्कनी, हा खालचा रस्ता सोडून तिथे जायच्या नुसत्या कल्पनेनं त्यांना रडू यायचं. त्यांनी बाजारातलं सगळ्यात दणकट कुलूप आणलं. आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून किल्लीच लागणारं. किल्लीच्या चार फेऱ्या मारल्या की बोटभर जाडीचा बोल्ट चौकटीत खोल घुसायचा.

आता ते बसवायचं कुणी? "कुलूपवाला म्हणजे परका माणूस," त्या म्हणाल्या. "त्याला आपल्या कुलपाची सगळी माहिती द्यायची, त्यापेक्षा सरळ चोरालाच जेवायला बोलवावं!"

हे त्या समोरच्या दारातल्या वाल्देमार यांच्याजवळ बोलल्या आणि तिथेच फसल्या. वाल्देमार नगरपालिकेच्या बँडमध्ये जन्मभर तुतारी वाजवून निवृत्त झाले होते. "कुलूपच ना? त्यात काय मोठं?" असं म्हणून रविवारी सकाळी ते पटाशी आणि हातोडी घेऊन हजर झाले. दुपारच्या आत दाराजवळ भुशाचा ढीग पडला, भोक जरा मोठं झालं, मग ते बुजवताना जरा लहान झालं, पण कुलूप एकदाचं बसलं. दार उघडं ठेवून किल्ली फिरवली. काय सुरेख फिरली!

"आता दार लावून पाहू," वाल्देमार म्हणाले आणि दोघं आत असतानाच त्यांनी दार लावलं. एक फेरी, दुसरी, तिसरी. चौथीला त्यांना दोन्ही हात लावावे लागले. खट्ट!

"बघा, आता हत्ती आला तरी दार उघडणार नाही."

"तो सोडा हो. तुम्ही उघडून दाखवा."

वाल्देमारनी किल्ली उलटी फिरवली. फिरेना. त्यांनी दार ओढलं, ढकललं, हातोडीने ठोकलं. बोल्ट चौकटीत जो रुतला तो रुतलाच. एर्मिंदाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, नेस्तोर येईल आता! म्हातारीनं स्वतःलाच कोंडून घेतलं म्हटल्यावर तो मला एक मिनिट तरी इथं ठेवील का?"

"घाबरू नका. बाहेरून कुणी दार दाबून धरलं आणि किल्ली फिरवली की निघेल."

कुणी म्हणजे कोण? रविवारचा दिवस, सगळी इमारत बाजारात गेलेली. एर्मिंदाबाईंनी कुलपाची दुसरी किल्ली आणि खालच्या मुख्य दाराची किल्ली मोज्यात घातली, गाठ मारली आणि त्या बाल्कनीत गेल्या. पाहुणा आला की या रस्त्यावर सगळे असाच मोजा खाली टाकतात. पण तो ओळखीच्या माणसाला! खाली जो दिसेल तो त्यांना चोर वाटू लागला. सायकलवाला फारच सावकाश जात होता. बाई फारच भरभर चालत होती. शेवटी एकजण आला. त्याच्या काखेत थर्मास होता आणि दुसऱ्या हातात कडू चहाचं भोपळ्याचं भांडं. दोन्ही हात अडकलेला माणूस चोरी कशी करणार, असा विचार करून त्यांनी हाक मारली.

"अहो दादा! झेला!"

दोन्ही हात अडकलेला माणूस झेलणार तरी कसा, हा विचार मोजा हातातून सुटल्यावर आला. पण मोजा त्या माणसापर्यंत पोचलाच नाही. समोरच्या झाडाच्या फांदीत अडकला आणि तिथेच लोंबकळत राहिला. त्या माणसाने वर पाहिलं, चहाचा एक घोट घेतला आणि तो चालायला लागला.

त्याच क्षणी कोपऱ्यावरून नेस्तोरची व्हॅन वळली. एर्मिंदाबाई गर्रकन मागे वळल्या.

"लपा!" त्या वाल्देमारना म्हणाल्या. वाल्देमार पडद्यामागे गेले.

"आई!" नेस्तोर बाल्कनीखाली व्हॅन लावून ओरडला. "किल्ली टाक!"

"आलास? एवढ्यात? जरा फेरफटका मारून ये ना राजा. रविओली शिजायचीत अजून."

"सकाळपासून गाडी चालवतोय मी! फेरफटका कसला? टाक किल्ली. आणि तुझा आवाज असा का येतोय? घरात कोण आहे?"

"कुणी नाही रे! कुणी म्हणजे कुणीसुद्धा नाही!" त्यांचा आवाज चिरकला. नेमकी तेव्हाच वाऱ्याने पडदा उडाला, आणि नेस्तोरला आईच्या मानेमागे एक केसाळ हात दिसला. हातात पटाशी होती.

नेस्तोरचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, हलू नकोस!" एवढंच तो म्हणाला आणि व्हॅनच्या टपावर चढला. जिना चढताना धापा टाकणारा हा माणूस टपावरून बाल्कनीच्या गजांना लोंबकळला. मग त्याने खाली पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. "आई गं, पडलो!"

एर्मिंदाबाईंनी किंकाळी फोडली. पडद्यामागून वाल्देमार धावत आले. दोघांनी त्याची कॉलर आणि पट्टा धरून त्याला कसाबसा आत ओढला. नेस्तोरने कुंडी उचलली, नेम धरला आणि तसाच थांबला.

"वाल्देमारकाका? तुम्ही?"

मग सगळं सांगावंच लागलं. "व्हा बाजूला," म्हणत नेस्तोर दाराकडे गेला आणि त्याने रागाने किल्ली पिरगळली. किल्लीचं डोकं त्याच्या हातात आलं, उरलेली आतच राहिली. त्याने हातातल्या तुकड्याकडे पाहिलं आणि खापर आईवर फोडलं.

"बस झालं! तुला एकटीला ठेवण्यात अर्थच नाही. आत्ताच्या आत्ता सामान भर. बाल्कनीतून उतरवू."

एर्मिंदाबाई मटकन खाली बसल्या. इतके दिवस ज्याला भ्यायल्या तेच झालं होतं. वाद घालायचं बळ उरलं नव्हतं. त्या उठल्या, कपाट उघडलं आणि डोळे पुसत घड्या घातलेले कपडे काढायला लागल्या.

खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

तिघंही बाल्कनीत धावले. नेस्तोरची व्हॅन रस्त्याने ऐटीत निघाली होती. कोपऱ्यावर तिने वळायचा दिवासुद्धा दाखवला.

"किल्ली कुठं होती रे?" एर्मिंदाबाईंनी विचारलं.

"आतच. तुझ्यासाठी जीव टाकून वर आलो ना..."

"आणि तुमच्या घराची?"

"त्याच जुडग्यात." नेस्तोरने कपाळावर हात मारला. "गाडीच्या कागदांवर पत्ता पण आहे. आई, आता ते आमच्याकडे येतील गं!"

त्याने पोलिसांना फोन केला. पोलीस म्हणाले, येतो, खालचं दार उघडून ठेवा. मग त्याने ग्लादिसला फोन केला. तिचं बोलणं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होतं. मी माझ्या आईकडे चालले आहे, नवं कुलूप बसल्याशिवाय घरात पाऊल टाकणार नाही आणि तूही तोवर तोंड दाखवू नकोस, असं म्हणून तिने फोन आपटला. वाल्देमारनी सहानुभूतीने पटाशी पुढे केली. नेस्तोरने ती हातातून काढून घेऊन दूर ठेवली.

एर्मिंदाबाईंनी कपडे परत कपाटात ठेवले. छातीतली धडधड कधी थांबली ते त्यांना कळलंच नव्हतं. त्यांनी रविओली वाढली. नेस्तोरने दोन घास खाल्ले, जिन्यात काहीतरी वाजलं तसा तो दचकला आणि त्याने खुर्ची आईच्या खुर्चीजवळ सरकवली.

"आई," तो हळूच म्हणाला, "मी राहू का गं थोडे दिवस इथंच?"

"राहा की." एर्मिंदाबाईंनी त्याच्या ताटात आणखी रस्सा घातला. "आणि दाराची काळजी करू नकोस. ते काही केल्या उघडत नाही."